शेगडीचं प्रकरण

“आलं आणखी एक पहाटे उठवणारं पुस्तक. ह्या लोकांना घरी कुणी झोपू देत नाही वाटतं.”

ही कुरकुर आवाजबाईंच्या थेट कानात झाली. काचेपलीकडे बसून ध्वनिमुद्रण करणाऱ्या बटनवाल्यानं आतल्या माणसाशी बोलायच्या बटनावर नेहमीसारखं कोपर टेकलं होतं, आणि आपण मनातल्या मनात बोलतोय अशी त्याची समजूत होती. पुढं तो असंही म्हणाला की पहिल्या पानावर हा गडी रस्त्यावर आलेला असणार, तिसऱ्यावर त्याला साक्षात्कार होणार आणि दहाव्यावर दारात गाडी उभी. त्यापेक्षा भुतांची पुस्तकं बरी, भुतं निदान उपदेश करत नाहीत.

“कोपर उचला,” बाई माइकमध्ये म्हणाल्या.

बटनवाल्यानं जीभ चावली, कोपर उचललं आणि काचेतून हात जोडले. एरवी बाई हसल्या असत्या. आज त्यांना हसू आलं नाही. पुस्तकाच्या मागच्या बाजूवर हाताची घडी घालून, मान जराशी कलती करून, समोरच्याला मोठ्या मनानं माफ केल्यासारखा जो गृहस्थ हसत होता, तो त्यांचा सख्खा दीर होता. पुस्तकाचं नाव ‘राखेतून रोखीकडे’.

आवाजबाई पुस्तकं वाचायच्या, म्हणजे लोकांना ऐकता यावीत म्हणून. कुणी गाडी चालवताना ऐकायचं, कुणी भांडी घासताना. कादंबऱ्यांना तरुण, मधाळ गळे होते. बाईंच्या वाट्याला यायची ती मोठं व्हायची पुस्तकं: श्रीमंत कसं व्हावं, माणसं कशी जिंकावीत, साहेब असून साहेबासारखं कसं वागू नये. त्यांचा आवाज जाडसर आणि समजुतीचा. त्या आवाजात कुणी ‘बचत करा’ म्हणालं तर राग येत नाही, असं प्रकाशकाचं मत होतं. पैशाला कामाला लावा, हे त्यांनी इतक्या वेळा आणि इतक्या गोडीनं सांगितलं होतं, की आपल्या घरात पैसा दिसत नाही तो बहुधा कामावर गेला असेल, असं त्या नवऱ्याला म्हणत.

शाळा त्यांची अर्धीच झालेली. हा गळा त्यांना सापडला तो इस्पितळात. थोरल्यांचा, म्हणजे त्यांच्या नवऱ्याचा, उजवा हात भाजला तेव्हा त्यांना वर्तमानपत्राचं पान उलटता येईना. बाई खाटेशेजारी बसून वाचून दाखवू लागल्या. हळूहळू शेजारच्या खाटांवरची माणसं ‘जरा मोठ्यानं’ म्हणू लागली. त्यातल्याच एकाच्या ओळखीनं त्या अंधांसाठी पुस्तकं ध्वनिमुद्रित करणाऱ्यांकडे गेल्या, आणि तिथून इथं. हात भाजला नवऱ्याचा आणि गळा सुटला बायकोचा, असं त्या चेष्टेनं म्हणायच्या. थोरले हसायचे. तो हात कसा भाजला हा विषय मात्र घरात चेष्टेनंसुद्धा कुणी काढत नसे.

थोरले आणि धाकटा, दोघे भाऊ मिळून चष्म्याच्या डब्या करायचे. भाड्याची एक लांबट खोली, वर माळा. बाहेरून चामडं, आतून मखमल. मखमल चिकटवायला सरस लागे, आणि सरसाचं भांडं दिवसभर विजेच्या शेगडीवर ऊन राही. शेवटी निघणाऱ्यानं शेगडी बंद करायची, मग कुलूप लावायचं. त्या संध्याकाळी थोरले चष्मेवाल्यांकडे माल पोचवायला गेले होते आणि कुलूप लावायचं होतं धाकट्यानं. धाकट्याचं लग्न ठरत आलं होतं, आणि घरच्यांच्या नकळत त्या मुलीला भेटायला जायची त्याला घाई झाली होती. थोरले परतले तर खिडकीतून धूर. माळ्यावर त्यांच्याकडे कामाला असलेले पॉलिशवाले काका झोपलेले असतात हे त्यांनाच आठवलं. कुलूप तोडून ते आत शिरले, काकांना ओढून बाहेर काढलं, आणि स्वतः उजवा हात आतच ठेवून आल्यासारखे परत आले.

चौकशीला माणसं आली तेव्हा पट्ट्या बांधलेला हात छातीशी धरून थोरले म्हणाले, शेगडी माझ्याकडून राहिली. मुलीचे वडील फार बारीक चौकशी करणारे होते. धाकट्यावर निष्काळजीपणाचा शिक्का बसला असता तर लग्न मोडलं असतं. ते लग्न झालं. धाकट्यानं नव्यानं सुरुवात केली, खोकी बनवायचा कारखाना काढला, वाढवला. थोरल्यांच्या बोटांत मखमल धरायचीही ताकद उरली नव्हती. ते एका शाळेत भांडारपाल म्हणून लागले, खडू आणि चेंडू सांभाळायला. सुरुवातीला धाकट्याची मान त्यांच्यासमोर खाली जायची. मग सरळ राहू लागली. आता ती पुस्तकाच्या पाठीवर कलती झाली होती.

पुस्तक घेऊन तो स्वतः घरी आला होता, चकचकीत कागदात गुंडाळून. सगळ्या धंद्यांना वेग हवा वगैरे दोन-चार गोष्टी त्यानं उभ्याउभ्याच सांगितल्या. त्यानं अलीकडे ऐकायच्या सगळ्या गोष्टी दुप्पट वेगानं लावायला सुरुवात केली होती, त्यामुळे आयुष्य दुप्पट होतं असं त्याचं म्हणणं होतं. मग बसला आणि मुद्द्यावर आला. प्रकाशकानं आवाजासाठी कुणाकुणाची नावं सुचवली होती, पण त्यानं ठणकावून सांगितलं होतं, आवाज घरचाच हवा.

“वहिनी, सातवं प्रकरण दादावर आहे,” तो म्हणाला. “आदरानंच लिहिलंय हं.”

जाऊ त्याच्याबरोबर आली होती. ती सगळा वेळ चपलेच्या अंगठ्याशी खेळत बसली. निघताना घाईघाईत म्हणाली, गॅस बंद करून आलोय का आपण? धाकटा हसला. जाऊची ही सवय साऱ्या घराला माहीत होती. कुलूप लावून खाली आली की ती पुन्हा वर जाणार, बटनं चाचपणार, पुन्हा खाली येऊन पुन्हा जाणार. धाकट्यानं पुस्तकातही हा विनोद घातला होता, ‘अनावश्यक काळजीचे तोटे’ ह्या मथळ्याखाली. आवाजबाईंना जाऊ फारशी आवडत नसे. ह्या बाईच्या लग्नासाठी आपल्या नवऱ्याचा हात गेला, हा हिशेब त्यांच्या मनातून कधी पुसलाच गेला नव्हता.

त्याच दुपारी, ती दोघं गेल्यावर, इस्त्री करता करता बाईंनी सातवं प्रकरण वाचलं. ‘जबाबदारी: एका शेगडीची गोष्ट’.

“संध्याकाळ झाली होती,” असं सुरू होत होतं ते. “‘दादा, शेगडी बघून येऊ का?’ मी विचारलं. दादा म्हणाला, ‘राहू दे रे. काय आभाळ कोसळतंय का?’ त्या एका वाक्यानं आमची राख केली. मी धूर पाहिला आणि धावलो. कुलूप तोडलं. आत एक म्हातारा कामगार होता. मी विचार केला नाही. नेता विचार करत नाही, तो आत शिरतो.” शेवटी चौकटीत एक सूचना होती: आजपासून करा. तुमच्या आयुष्यात चालू राहिलेली शेगडी कोणती? तीन ओळींत लिहा.

त्या तीन ओळी बाईंना लिहून द्याव्याशा वाटल्या, पण धाकट्याच्या कपाळावर.

शेगडी नवऱ्याच्या माथी मारली, ते जुनंच होतं. ती तर नवऱ्यानं स्वतःच घेतली होती. पण आता आगीत शिरणंही ह्यानं उचलून नेलं. एवढीच एक गोष्ट त्या माणसाकडे उरली होती, जिचा तो कधी उच्चार करत नसे, आणि तीसुद्धा. इस्त्रीखाली थोरल्यांचा सदरा होता. त्याच्या डाव्या बाहीचं बटन रोज सकाळी बाई लावून द्यायच्या, कारण ते लावायला उजव्या हाताची बोटं लागतात. रोज सकाळी, त्या एका बटनापुरता, त्यांना धाकट्याचा राग यायचा आणि बटन लागलं की जायचा. आज तो गेला नाही. बाही जराशी करपली.

थोरले शाळेतून आले. त्यांनीही ते प्रकरण वाचलं, डाव्या हातानं पानं उलटत, सावकाश. वाचून झाल्यावर म्हणाले, भाषा बरी सुधारली आहे त्याची.

बाईंनी सांगून टाकलं, मी हे वाचणार नाही. घसा बसला म्हणून कळवते.

“नाही म्हणालीस तर लोक कारण विचारतील,” थोरले म्हणाले. “आणि मग...”

त्यांच्या घरातली सगळी वाक्यं ह्या ‘मग’पाशी येऊन थांबत. त्यांनीच पुढं सांगितलं, वाच तू, चांगलं वाच. त्यालाही आता ते खरंच वाटत असेल, इतक्यांदा सांगून सांगून. असं म्हणून ते झाडांना पाणी घालायला गेले. ह्या माणसाला राग कसा येत नाही, ह्याचाच बाईंना सगळ्यात जास्त राग आला. मग त्यांनी मनाशी ठरवलं की घरात एकाच माणसानं रागवायचं असेल तर दोघांचं मिळून रागवायचं.

पण करायचं काय? मध्येच खोकावं, तर बटनवाला पुन्हा घ्यायला लावणार. रटाळ वाचावं, तर नाव आपलंच खराब. शब्द बदलावा, तर धंद्याला काळिमा. बाईंनी आजवर एक काना-मात्रा बदललेली नव्हती. मूर्खातल्या मूर्ख पुस्तकातलीही नाही.

काही न ठरवताच बाई वाचायला बसल्या आणि असं करत सातवं प्रकरण आलं. ध्वनिमुद्रणाची खोली म्हणजे भिंतींना काळा स्पंज लावलेली एक कोंदट कोठी. पंखा बंद, कारण तो ऐकू येतो. जेवूनच बसायचं, कारण रिकामं पोट मध्येच बोलतं. बाईंनी पेन्सिलीनं श्वासाच्या खुणा केल्या आणि सुरू केलं. अशा पुस्तकांत नाटकी आवाज काढायचे नसतात, पण कुणी बोललं की त्या माणसाची एक पुसट छटा द्यावी लागते. ऐकणाऱ्याला कळावं कोण बोलतंय, इतपत. त्यासाठी बाईंची एक रीत होती. त्या खरा माणूस आठवायच्या. मुजोर अधिकारी आला की जुन्या घरमालकाचं तोंड डोळ्यांपुढं आणायच्या, प्रेमळ गुरू आला की इस्पितळातल्या त्या नर्सचं. माणूस दिसल्याशिवाय त्यांना आवाजच फुटत नसे.

‘दादा म्हणाला’ आलं. त्यांनी थोरल्यांचं तोंड आठवलं आणि वाचलं.

बटनवाल्यानं थांबवलं. हा माणूस हे वाक्य म्हणेल असं वाटत नाहीये, तो म्हणाला. पुन्हा घेतलं. पुन्हा तसंच. ‘काय आभाळ कोसळतंय का’ हे शब्द त्या तोंडात बसेचनात, दुसऱ्याचे बूट घातल्यासारखे पायात वाजत राहिले. बाई चिडल्या. डोळे मिटून बसल्या. मग त्यांना कळलं की बसणार कसे? थोरल्यांनी जन्मात हे वाक्य उच्चारलेलं नाही. हे म्हणतं कोण?

आणि ते तोंड आपण होऊन डोळ्यांपुढं आलं. परीक्षेच्या आदल्या दिवशी, गाडी सुटायच्या वेळी, बापाच्या आजारपणात, लहानपणापासून एकच वाक्य आणि त्याच्याआधी नाकातून घेतलेला एक छोटा श्वास, आणि नंतर अर्धंच सोडून दिलेलं हसू. खोटं रचताना धाकट्यानं सगळं बदललं होतं, फक्त स्वतःचं बोलणं बदलायचं विसरला होता. माणूस खोटं सांगायला बसला तरी शब्द आपल्याच घरातले आणतो.

बाईंनी नाकातून छोटा श्वास घेतला.

“राहू दे रे,” त्या धाकट्याच्या आवाजात म्हणाल्या. “काय आभाळ कोसळतंय का? ह्हं.”

काचेपलीकडे बटनवाला खुश होऊन मान डोलवायला लागला. आता बसला, तो म्हणाला, आता माणूस दिसला. पुढं ‘मी’ होता. धावणारा, कुलूप तोडणारा, आत शिरणारा ‘मी’. त्यासाठी त्यांना कुणाला आठवावं लागलं नाही. त्यांनी तो ‘मी’ थोरल्यांच्या आवाजात वाचला: खालच्या पट्टीत, सावकाश, क्रियापदाआधी किंचित थांबत, जणू ते खरंच करायचं का ह्याचा विचार करून मग करत. मी धूर पाहिला आणि धावलो. कुलूप तोडलं. आत एक म्हातारा कामगार होता. वाचताना त्यांच्या अंगावर काटा आला. इतक्या वर्षांत थोरल्यांनी जे कधी सांगितलं नव्हतं, ते त्यांच्या आवाजात त्या पहिल्यांदा ऐकत होत्या. पुस्तकातला शब्द न् शब्द जागच्या जागी होता. माणसं तेवढी आपापल्या जागी गेली होती.

बाहेर आल्यावर बटनवाल्यानं त्यांना चहा दिला आणि म्हणाला, हा लेखक मला आवडत नाही, पण हे प्रकरण छान झालंय, भाऊ अगदी डोळ्यांसमोर उभा राहतो. बाई म्हणाल्या, कुठला? तो म्हणाला, दोन्ही.

आता एकच अडचण होती. लेखकानं ऐकून होकार द्यायचा असतो. बाई त्या दिवसाची वाट बघत राहिल्या, धाकट्याचा फोन येईल, तो ओरडेल, मग आपण विचारू, अरे पण चुकलं काय ते तर सांग. फोन आला नाही. बटनवाल्यानं सांगितलं, साहेबांनी एका बैठकीत सगळं ऐकून पसंत केलं. एवढं लांबलचक पुस्तक एका बैठकीत? हो, म्हणाला, ते सगळं दुप्पट वेगानं ऐकतात ना.

बाई मग हसल्या. भरपूर हसल्या, अगदी ठसका लागेपर्यंत. दुप्पट वेगात सगळी माणसं चिमण्यांसारखी बोलतात. त्यात कुठला भाऊ कुठला, हे चिमणीलाही कळत नाही.

प्रकाशन कारखान्याच्या जेवणाच्या हॉलमध्ये होतं. लांब टेबलं भिंतीला लावून खुर्च्या मांडल्या होत्या. दुकानदार, पुरवठादार, जाऊच्या माहेरची मंडळी, मागं कामगार. थोरले अगदी शेवटच्या रांगेत दाराजवळ बसले होते आणि त्यांच्या शेजारी पॉलिशवाले काका. ते आता फार म्हातारे झाले होते. धाकट्यानं त्यांना मुद्दाम गाडी पाठवून आणवलं होतं. भाषणात त्यांना उभं करायचं होतं. आवाजबाईंना पहिल्या रांगेत बसवलं होतं, जाऊच्या शेजारी. जाऊ सारखी पर्स उघडून किल्ल्या बघत होती.

धाकटा छान बोलला. मग म्हणाला, आता पुस्तकातलं माझं सगळ्यात लाडकं प्रकरण ऐका, आमच्या वहिनींच्या आवाजात. त्यानं भिंतीवरच्या कर्ण्यांकडे हात केला, जेवणाची घंटा ज्यातून वाजते त्याच कर्ण्यांकडे.

नेहमीच्या वेगानं प्रकरण सुरू झालं. बाईंनी हात मांडीवर घट्ट धरून ठेवले होते.

नाकातून छोटा श्वास आला. “राहू दे रे. काय आभाळ कोसळतंय का? ह्हं.”

मागच्या रांगांत कुणीतरी फिसकन हसलं. रोज ऐकणारे कान ते. एकानं दुसऱ्याला कोपर मारलं, साहेबच की हे, आणि हसू रांगेरांगेनं पुढं सरकत आलं. धाकटाही हसला, कारण लोक हसतायत म्हणजे प्रकरण रंगतंय. स्वतःचा आवाज त्याला ओळखू आला नव्हता. ध्वनिमुद्रणाला येणाऱ्या प्रत्येक लेखकाचं असंच होतं, पहिल्यांदा ऐकलं की म्हणतात, हा मी नाही.

मग तो सावकाश, खालच्या पट्टीतला ‘मी’ धुरात शिरला, आणि हसू थांबलं. कामगारांतले जुने, थोरल्यांचा आवाज ओळखणारे लोक वळून दाराकडे बघायला लागले. पॉलिशवाले काका कानामागं हात धरून ऐकत होते. ऐकता ऐकता त्यांनी तो हात काढला आणि शेजारी बसलेल्या थोरल्यांच्या वाकड्या बोटांवर ठेवला. त्यांना कुणी बाहेर काढलं हे त्यांना माहीत होतंच. त्यांना कधी कुणी विचारलंच नव्हतं.

धाकट्याच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी वाळलं. बाईंनी ते डोळे भरून पाहिलं. किती सकाळी, किती बटनं, त्यांना एकदम हलकं वाटलं. त्यानं हातानं खूण केली, बंद करा. कर्णे गप्प झाले. माइक हातात घेऊन तो म्हणाला, थोडी तांत्रिक अडचण आहे, आवाजांची जरा अदलाबदल झाली आहे.

पहिल्या रांगेतला एक जाडा दुकानदार, ज्याला ह्या घरातलं काही ठाऊक नव्हतं, अगदी साधेपणानं म्हणाला, “अदलाबदल म्हणजे? मग आत शिरणारा आवाज कुणाचा म्हणायचा?”

धाकटा कर्ण्यांकडे बघायला लागला. तक्रार करायची तर काय म्हणून करायची? आळशी भावाला माझा आवाज दिला, असं म्हणावं तर तो आवाज माझा हे आधी कबूल करावं लागणार. हे सगळं त्याच्या तोंडावर एकामागून एक येऊन गेलं, आणि दुप्पट वेगानं जगणारा तो माणूस पहिल्यांदाच जागच्या जागी उभा राहिला. शेवटी तो वहिनींकडे वळला.

“वहिनी, तुम्हीच सांगा ह्यांना. काय गंमत केलीत?”

सगळा हॉल बाईंकडे बघायला लागला. त्या उठल्या. ह्याच क्षणासाठी त्यांनी सगळं केलं होतं.

“मी फक्त वाचलं,” त्या म्हणाल्या. “लिहिलेलं तूच आहेस.”

पुढचं वाक्य तयार होतं. जिभेवर होतं, श्वासाच्या खुणेसकट. ते म्हणायच्या आधी त्यांनी एकदा दाराकडे पाहिलं. थोरले त्यांच्याकडेच बघत होते. त्यांच्या डाव्या बाहीचं बटन, सकाळी बाईंनी लावलेलं, जागच्या जागी होतं. त्यांनी मान हलवली. अगदी थोडी. नको.

बाईंना वाटलं, ह्या माणसाला धरून गदागदा हलवावं. अजूनही? इथंही? पण ती मान त्यांनी जन्मभर वाचली होती, आणि वाचलेलं बदलायची त्यांना सवय नव्हती. ते वाक्य त्यांनी गिळलं. त्या खाली बसल्या.

धाकट्यानं सुटकेचा श्वास सोडला, तो माइकमधून सगळ्यांना ऐकू आला. झालं, तो हसून म्हणाला, आमच्या वहिनी मोठ्या कलाकार आहेत, चला, पुढं जाऊ या.

तेव्हा बाईंच्या शेजारी किल्ल्या वाजल्या. जाऊ उभी राहिली होती. तिचं तोंड पांढरं पडलं होतं आणि ती नवऱ्याकडे बघत होती, हॉलमध्ये दुसरं कुणी नसल्यासारखी.

“ते वाक्य भाऊजींचं नाही,” ती म्हणाली.

“खाली बस,” धाकटा म्हणाला, माइकवर हात ठेवून.

“तुम्ही ते मला म्हणाला होतात. त्या दिवशी. तुम्ही म्हणालात, शेगडी राहिली बहुतेक, आणि मी म्हणाले, मी थांबते इथंच, बघून या परत.” तिनं किल्ल्या घट्ट मुठीत धरल्या. “तेव्हा तुम्ही हसलात. अगदी असंच, आत्ता त्या कर्ण्यातून आलं तसंच.”

आवाजबाईंना कुलूप लावून पुन्हा जिना चढणारी जाऊ दिसली, पुन्हा आणि पुन्हा, इतकी वर्षं. त्यांनी नकळत हात पुढं केला आणि जाऊचं मनगट धरलं.

“बस झालं,” धाकटा म्हणाला.

“शेगडी तुम्ही चालू ठेवून आला होतात,” जाऊ म्हणाली. “मला भेटायला.”